भीमा–घोड खोऱ्यातील नैसर्गिक व ऐतिहासिक स्थळे : सणसवाडी परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

भारत हा उष्णकटिबंधीय मोसमी हवामानाचा देश असल्यामुळे त्याच्या पर्यटनविषयक वर्णनांत हिरवे डोंगर, धबधबे, समुद्रकिनारे व घनदाट अरण्ये यांना अग्रस्थान मिळते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सह्याद्रीचे घाटमाथे, कोकणची किनारपट्टी, अजिंठा-वेरूळची लेणी आणि शिवकालीन दुर्ग यांतच ही यादी बहुधा संपते. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे उतरत जाणारा देशावरचा माळ मात्र पाहण्यासारखे काही नसलेला मुलूख म्हणून ओलांडला जातो. पुणे–अहिल्यानगर मार्गावरील प्रवाशाच्या मनात सणसवाडी म्हणजे कारखान्यांची रांग, मालमोटारींची वर्दळ आणि वाहतुकीचा खोळंबा एवढेच चित्र असते. पुण्यापासून अवघ्या ३० कि.मी. अंतरावरील या गावाभोवती साडेतीन हजार वर्षांचा मानवी वसाहतीचा इतिहास पसरलेला आहे, याची जाणीव या मार्गावरून नित्य ये-जा करणाऱ्यांनाही क्वचितच असते.

प्रस्तुत लेखात सणसवाडी हे केंद्र मानून शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील, तसेच नदीपलीकडील लगतच्या गावांतील नैसर्गिक व ऐतिहासिक स्थळांचा परामर्श घेतला आहे. पेर्णे व तुळापूर ही गावे हवेली तालुक्यात, निघोज पारनेर तालुक्यात, पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात, तर सुपे बारामती तालुक्यात येते. तालुक्याची सीमा ही महसुली सोय असते. नदीच्या दोन्ही काठांचा इतिहास तिने विभागला जात नाही, म्हणून ही गावे येथे विचारात घेतली आहेत.

या परिसरातील स्थळांविषयी एक गोष्ट प्रथमच नोंदविणे आवश्यक आहे. येथील प्रत्येक प्रसिद्ध स्थळ एकेका दिवसाला आणि एकेका समूहाच्या स्मृतीला बांधले गेले आहे. १ जानेवारीला पेर्णे येथे जनसागर लोटतो. फाल्गुन वद्य अमावस्येला वढू बुद्रुक व तुळापूर येथे लोक जमतात. चतुर्थीला रांजणगावी रांगा लागतात. पेर्णे येथे आलेला यात्रेकरू नदीपलीकडच्या वढूला जातोच असे नाही, आणि वढूला आलेला पेर्ण्याला थांबत नाही. ही स्थळे एकमेकांपासून काही कि.मी. अंतरावर असूनही त्यांना जोडणारा भूप्रदेश कोणाच्याच नजरेत येत नाही. ज्या गोष्टीने ही सर्व स्थळे घडविली ती गोष्ट, म्हणजे अपुरा पाऊस व त्यावर मात करणारी नदी, ही त्यामुळे दुर्लक्षित राहते. या दृष्टीने पाहिल्यास परिसरातील सर्वांत मोलाची स्थळे कोणती, याचे उत्तर प्रचलित यादीपेक्षा वेगळे येते.

प्रदेशाचे स्वरूप

भीमा नदी भीमाशंकर येथे सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. त्या भागात मोसमी पाऊस धो धो कोसळतो. तेथून पूर्वेकडे शंभर कि.मी. देखील न जाता शिरूर-दौंड भागात वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५०० ते ६०० मि.मी. इतके खाली येते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा अवर्षणप्रवण पट्टा होय. येथील शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरून वाहणारे पाणी त्याच्या आकाशातून पडलेले नसते, ते घाटमाथ्यावरून आलेले असते. भामा, इंद्रायणी व वेळ या नद्या भीमेला मिळतात. उत्तरेकडून कुकडी घोडला आणि घोड पुढे भीमेला मिळते. बेसाल्टचा कठीण खडक, त्यावर नदीकाठी काळ्या मातीचे थर आणि काठापासून दूर जाताच सुरू होणारे मुरमाड माळरान, अशी येथील भूरचना आहे.

याच काठांवर निपजणारी लहान चणीची, काटक तट्टे 'भीमथडीची तट्टे' म्हणून मराठी फौजांत नावाजलेली होती. भीमथडी हे नाव पूर्वी तालुक्यालाही होते. आज ते प्रदर्शनांच्या व जत्रांच्या नावात उरले आहे.

कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी व पारनेर तालुक्यातील निघोज या गावांमधून कुकडी वाहते. येथे तिच्या पात्रातील बेसाल्ट खडकाला असंख्य खोल, गोल खळगे पडलेले आहेत. पुराच्या पाण्यात भोवरा निर्माण झाला की त्यात सापडलेले दगडगोटे खडकाच्या लहानशा खाचेत गरगर फिरू लागतात. ते स्वतः झिजतात आणि खडकालाही झिजवितात. पूर ओसरला की गोटे तळाशी राहतात व पुढच्या पावसाळ्यात काम पुन्हा सुरू होते. हजारो पावसाळ्यांनंतर त्या खाचेचा रांजण होतो. शेजारचे दोन रांजण वाढत जाऊन त्यांच्यामधील भिंत फुटली की त्यांचा घळीसारखा अरुंद मार्ग बनतो. निघोज येथे नदी उन्हाळ्यात अशा मार्गातून वाहताना दिसते. काठावर मळगंगा देवीचे स्थान आहे. 'रांजणखळगे' हा शब्द येथील लोकांच्या तोंडचा असून भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांनी तो स्वीकारला, ही मराठी परिभाषेच्या दृष्टीने आनंदाची बाब आहे.

या कुकडीचे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. तिच्याच काठी, वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यातील बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत. ही राख सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून आली असावी, असे अनेक संशोधक मानतात. तिच्या कालनिश्चितीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कुकडीचे खोरे मानवी वावराच्या दृष्टीने किती प्राचीन आहे, हे त्या चर्चेतूनही स्पष्ट होते.

इनामगाव

शिरूर तालुक्यातील सर्वांत महत्त्वाचे ऐतिहासिक स्थळ कोणते, असा प्रश्न विचारल्यास पुरातत्त्वाच्या अभ्यासकाचे उत्तर निःसंशय इनामगाव असे येईल. सामान्य पर्यटकाला मात्र हे नाव बहुधा ठाऊकही नसते. घोड नदीच्या उजव्या काठावरील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांनी ते कार्य चालविले आणि त्याचा विस्तृत अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाणयुगातील एखाद्या गावाचे इतक्या मोठ्या क्षेत्रावर केलेले उत्खनन भारतात विरळाच. एखाद-दुसरा खड्डा खणून थर मोजण्याऐवजी येथे गावच्या गाव उघडे करण्यात आले व शंभराहून अधिक घरांचे अवशेष प्रकाशात आले.

येथील वस्तीचे तीन कालखंड मानले जातात. माळवा संस्कृतीचा पहिला कालखंड इ.स.पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे संस्कृतीचा इ.स.पू. १४०० ते १००० आणि उत्तर जोर्वे संस्कृतीचा इ.स.पू. १००० ते ७०० असा आहे. पहिल्या दोन कालखंडांत लोक कुडाच्या-मातीच्या प्रशस्त चौकोनी घरांत राहत होते. बार्ली हे प्रमुख पीक होते. गहू व कडधान्येही पिकत होती. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळल्या जात होत्या. पूर्व जोर्वे काळातील एक घर पाच खोल्यांचे असून त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. हे घर गावप्रमुखाचे असावे व गावाचा वसूल तेथे गोळा होत असावा, असा निष्कर्ष उत्खननकर्त्यांनी काढला.

परंतु इनामगावचा सर्वाधिक बोलका पुरावा घरांत नसून गावाच्या कडेला आहे. नदीच्या पुराचे पाणी वळवून आणण्यासाठी रहिवाशांनी सुमारे २०० मीटर लांबीचा कालवा खोदला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. आज याच तालुक्यात भीमेवरील चासकमान धरणाचा कालवा येतो, घोडवर चिंचणी येथे धरण आहे, आणि कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणे हा येथील शेतीचा नित्यक्रम आहे. पुरेसा पाऊस न पडणाऱ्या भूमीत घाटमाथ्यावरून आलेले पाणी अडवून शेतात आणण्याचा उद्योग येथे तीन हजार वर्षांपूर्वीच सुरू झाला होता, हे इनामगाव दाखवून देते.

मृतांविषयीच्या त्यांच्या चालीरीतीही विलक्षण होत्या. मृताला घराच्या जमिनीखालीच पुरले जाई. लहान मुलांसाठी दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत. प्रौढ व्यक्तीला उताणे पुरताना घोट्याखालची पावले तोडली जात. मृताने घर सोडून जाऊ नये अशी त्यामागील भावना असावी, असे अनुमान करण्यात आले आहे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तर चार पाय असलेला कच्च्या मातीचा एक मोठा रांजण सापडला. त्याचा आकार स्थूल मानवी देहासारखा असून त्यात सुमारे चाळिशीच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता. त्याची पावले तोडलेली नव्हती. गावप्रमुखालाच ही सवलत मिळाली असावी काय, हा प्रश्न समाजरचनेच्या अभ्यासकाला सहजच पडतो.

उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, मृद्भांड्यांचा दर्जा उतरतो, शेतीचे प्रमाण घटते आणि शिकारीवरील अवलंबन वाढते. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. हवामान अधिक कोरडे झाल्यामुळे हे घडले, अशी मीमांसा उत्खननकर्त्यांनी केली. केवळ हवामानाला एवढे श्रेय द्यावे काय, असा प्रश्न पुढील अभ्यासकांनी उपस्थित केला आहे आणि तो रास्तही आहे, कारण मनुष्य संकटाला एकाच पद्धतीने तोंड देत नाही. तरीही इनामगावच्या अखेरच्या तीन शतकांचे वर्णन वाचताना दुष्काळी तालुक्यातील वाचकाला ते परके वाटत नाही.

इनामगावचे अवशेष डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात, म्हणजे पुण्यात आहेत. स्थळावर पाहण्याजोगी उभी वास्तू नाही. उत्खनित मातीचे गाव उघडे ठेवले तर ते दोन पावसाळेही टिकणार नाही, हे खरे आहे. परंतु त्यामुळे भारतीय ताम्रपाषाणयुगाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेले गाव पर्यटनाच्या एकाही प्रचलित सहलीत नाही, अशी स्थिती निर्माण झाली आहे.

तुळापूर व वढू बुद्रुक

भीमा, भामा व इंद्रायणी यांच्या संगमाचे तुळापूर आणि नदीपलीकडील वढू बुद्रुक ही स्थळे छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांशी निगडित आहेत. १ फेब्रुवारी १६८९ रोजी कोकणातील संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने त्यांना कैद केले. तेथून त्यांना दौंडजवळ, भीमेच्या पलीकडील काठावर असलेल्या पेडगावच्या बहादूरगडात औरंगजेबापुढे आणण्यात आले. पुढे बादशाही छावणी भीमेच्या काठाने वरच्या अंगाला सरकली व ११ मार्च १६८९ रोजी त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. पेडगाव ते तुळापूर हा सारा प्रवास भीमाकाठचा आहे. हजारो माणसे आणि जनावरे असलेल्या मोगल छावणीला पाण्यापासून दूर राहणे शक्य नव्हते, हे लक्षात घेतले की घटनास्थळांची ही साखळी नकाशावर आपोआप उलगडते.

पेडगावचा किल्ला मोगल सुभेदार बहादूरखान कोका याच्या नावाने ओळखला जाई. तेथे यादवकालीन लक्ष्मीनारायण मंदिर असून त्यावरील शिल्पकाम प्रेक्षणीय आहे. तुळापूरचे पूर्वीचे नाव नागरगाव. शहाजीराजांच्या काळात येथे हत्तीला नावेत चढवून, नाव पाण्यात किती बुडते यावरून त्याची तुला करण्यात आली व गावाला नवे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. संगमावरील संगमेश्वराचे मंदिर प्राचीन आहे.

वढू येथे संभाजी महाराजांची समाधी आहे. त्यांच्या देहावर अंत्यसंस्कार कोणी केले याविषयी वढूच्या परंपरेत एकाहून अधिक कथने आहेत. एक गोविंद गोपाळ यांच्या नावाशी, तर दुसरे गावातील शिवले घराण्याशी जोडलेले आहे. दोन्ही कथनांचा मुख्य आधार परंपरा हा आहे. बादशाही छावणी जवळ असताना ते कार्य करणे जिवावर बेतणारे होते, हा भाग दोन्ही कथनांत समान आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस याच विषयावरील फलकावरून गावात वाद उद्भवला.

कोरेगाव भीमा

शिरूर येथील इंग्रजी छावणीतून कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री पुण्याकडे निघाला. त्याच्यासोबत मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पूना ऑक्झिलरी हॉर्सचे घोडेस्वार व मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा असे सुमारे ८०० लोक होते. रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ रोजी सकाळी ते भीमेजवळ पोहोचले, तेव्हा पलीकडे दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे २० हजारांहून अधिक सैन्य त्यांना दिसले. स्टाँटनने कोरेगावात आश्रय घेतला. पेशव्याच्या बाजूने अरब, गोसावी व मराठे यांच्या पायदळ तुकड्यांनी गावावर हल्ले केले आणि दिवसभर गल्ल्यांतून लढाई चालली.

या लढाईच्या वर्णनांत एक तपशील वारंवार येतो, तो तहानेचा. रात्रभराच्या चालीनंतर कंपनीच्या सैनिकांना दिवसभर अन्न मिळाले नाही व पाणीही मिळाले नाही. नदी डोळ्यांसमोर होती, पण तिच्याकडे जाणारी वाट पेशव्याच्या तुकड्यांच्या हाती होती. रात्र पडून हल्ल्यांचा जोर ओसरल्यावरच त्यांच्या ओठांना पाणी लागले. कंपनीच्या ८३४ लोकांपैकी २७५ जण मृत, जखमी वा बेपत्ता झाले. जनरल स्मिथ मागून येत असल्यामुळे पेशवा दक्षिणेकडे निघून गेला आणि स्टाँटन जखमींना घेऊन शिरूरला परतला. लढाई कोणी जिंकली, या प्रश्नावर बरीच शाई खर्ची पडली आहे. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ती अनिर्णीत म्हणता येईल. परंतु पेशव्याला ती लहान तुकडी नष्ट करता आली नाही, यातच तिचे राजकीय फलित सामावलेले होते.

नदीच्या पलीकडे पेर्णे येथे १८२१ मध्ये जयस्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा महार समाजातील नावांचा प्रत्यय आहे. ज्यांना गावाच्या पाणवठ्यावर पाणी भरण्याचा अधिकार नव्हता, त्यांची नावे सरकारी दगडावर कोरली जाणे ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. इंग्रजांनी हा स्तंभ स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे निर्विवाद आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे भेट दिली आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. स्तंभाचा अर्थ उभारणाऱ्यांच्या हातून निसटून ज्यांचे पूर्वज तेथे पडले त्यांच्याकडे गेला. स्मारकांच्या इतिहासात असे अर्थांतर नवे नाही आणि ते अनैतिहासिकही नाही. लढाईला केवळ जातीजातींमधील युद्धाचे रूप देणे मात्र पुराव्याला धरून होणार नाही, कारण दोन्ही फौजा संमिश्र होत्या. त्याचबरोबर पेशवाईतील अस्पृश्यतेचे वास्तव नाकारून या स्तंभापुढे नतमस्तक होणाऱ्यांची भावना समजून घेता येणार नाही.

१ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला २०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, कोरेगाव भीमा, सणसवाडी व परिसरात हिंसाचार उसळला. दगडफेक व जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याचे पडसाद राज्यभर उमटले व पुढे चौकशी आयोग नेमण्यात आला. त्या घटनेच्या न्यायिक बाजूचा विचार येथे अभिप्रेत नाही. इतिहासाच्या अध्यापकांनी मात्र एक गोष्ट टाळता कामा नये. वढू व पेर्णे ही दोन स्थळे एकाच नदीच्या काठी, एकमेकांच्या इतकी जवळ असूनही त्यांचा इतिहास वर्गात कधी एकत्र शिकविला जात नाही. विद्यार्थ्यांना एकच स्थळ एकाच दिवशी, एकाच घोषणेसह भेटते. दस्तऐवज, परंपरा व स्मृती या तीन गोष्टींतील भेद शिकविण्यासाठी महाराष्ट्रात याहून योग्य प्रयोगशाळा नाही. तेथील तणावाचे कारण देऊन शैक्षणिक सहली या भागाला वळसा घालून जातात, हे दुर्दैव होय.

कर्डे व सुपे

पर्यटकाच्या यादीत कधीच न येणारे शिरूर तालुक्यातील गाव म्हणजे कर्डे. १८७५ च्या दख्खनमधील शेतकरी उठावाची पहिली ठिणगी येथे पडली. दख्खन दंगल आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नामक सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडले. संतप्त गावकऱ्यांनी सावकारांशी व्यवहार तोडले. त्यांच्याकडे कामाला जाणे व त्यांच्या दुकानातून माल घेणे बंद झाले. बहिष्काराचे हे लोण आसपास पसरले आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात उठावाला तोंड फुटले. शेतकऱ्यांनी प्रामुख्याने खते व कर्जरोखे हस्तगत करून जाळले. माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा कागद नष्ट करण्याकडे त्यांचा रोख होता, हे या उठावाचे लक्षणीय वैशिष्ट्य आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाला आलेली तेजी ओसरली होती. जमीन महसुलाचे दर वाढले होते आणि शेती पावसाच्या भरवशावर होती. या तिहेरी कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याचा हा उद्रेक होता. त्याची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात झाली. इनामगावच्या कालव्याइतकाच कर्ड्याचा बहिष्कार हा या अवर्षणाच्या भूमीचा स्वतःचा इतिहास आहे. राजे, सेनापती व बादशहा येथून आले आणि गेले. ही दोन गावे मात्र येथील कुणब्याने घडविली, आणि दाखवायला तेथे काही उभे नाही म्हणून आपण तेथे जात नाही.

शिरूर, पाबळ व रांजणगाव

वसईच्या तहानंतर शिरूर, म्हणजेच घोडनदी, येथे इंग्रजांची मोठी छावणी होती. येथील जुन्या दफनभूमीत कर्नल विल्यम वॉलेस याची १८०९ सालची कबर आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की स्थानिक लोक या परकीय अधिकाऱ्याला 'सत्पुरुष' मानीत व सुगीच्या वेळी पहिले धान्य त्याच्या कबरीपुढे ठेवीत. कोरेगावच्या लढाईसाठी जेथून फौज निघाली त्याच गावात एका इंग्रजाला नैवेद्य दाखविला जात होता. लोकमानस इतिहासाच्या ठरावीक चौकटींत बसत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पाबळ येथे मस्तानीची कबर आहे. पहिल्या बाजीरावाने पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिला दिली होती. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीरावाचे निधन झाले आणि त्यानंतर लवकरच मस्तानीही निवर्तली. तिच्या मृत्यूच्या कारणाविषयी तर्क अनेक आहेत, पुरावा तोकडा आहे. चित्रपटांतील ऐश्वर्य डोळ्यांत साठवून येथे येणाऱ्याला या वास्तूचा साधेपणा चकित करतो. याच गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करीत शिकण्याची पद्धत ग्रामीण मुलांपुढे ठेवली. पाबळला जाणाऱ्याने तोही अवश्य पाहावा.

रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांपैकी एक असून माधवराव पेशव्यांचे या मंदिराच्या बांधकामाशी नाते आहे. त्याची प्रसिद्धी एवढी आहे की येथे अधिक विस्ताराची गरज नाही. मोराची चिंचोली हे गाव मोरांसाठी व चिंचेच्या झाडांसाठी ओळखले जाते. कृषी पर्यटनामुळे तेथील अनेक कुटुंबांना शेतीला जोडधंदा मिळाला आहे.

दौंडकडील माळ व जलाशय

दौंडचा आधुनिक इतिहास रेल्वेचा आहे. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि हे गाव उत्तर-दक्षिण वाहतुकीचे महत्त्वाचे जंक्शन बनले. त्याच पुणे–दौंड लोहमार्गावर केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले. विहिरी खोदून शेती करण्यात आली, छापखाना चालविला गेला, मुलींना हस्तव्यवसाय शिकविण्यात आले. मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे रमाबाईंचे कार्यही येथेच चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. दुष्काळाच्या इतिहासात बहुधा पळून जाणाऱ्यांच्या नोंदी आढळतात. दुष्काळी मुलखातच दुष्काळग्रस्तांना आणून वसविण्याचे धाडस विरळा.

सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौ.कि.मी. असून चिंकारा हे त्याचे मुख्य आकर्षण आहे. उष्णकटिबंधीय निसर्ग म्हणजे अरण्य, या समजुतीमुळे गवताळ माळाकडे महसुली भाषेत 'पडीक' म्हणून पाहिले गेले. वस्तुतः चिंकारा, लांडगा, खोकड व माळढोकासारखे पक्षी याच परिसंस्थेचे रहिवासी. माळढोक तर पुणे-सोलापूरच्या माळांवरून आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. धनगरांच्या मेंढ्यांनी हा माळ शतकानुशतके राखला. औद्योगिक वसाहती, भूखंडांची विक्री व वृक्षारोपणाच्या सरधोपट मोहिमा यांनी तो आक्रसत आहे. गवताच्या माळावर खड्डे खणून झाडे लावणे हे पर्यावरणाचे कार्य नव्हे, ही गोष्ट महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांनीही ध्यानात घ्यावी.

याउलट, भीमेवर उजनी येथे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या धरणाने भिगवण परिसरात एक नवे निसर्गस्थळ निर्माण केले. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्याच पाण्याखाली अनेक गावे गेली. पाणी ओसरते तेव्हा पळसदेवचे प्राचीन मंदिर वर येते आणि विस्थापित कुटुंबे आपल्या जुन्या देवाला भेटायला होडीने वा चिखलातून जातात.

शिरूर व दौंड तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना या साऱ्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. टाकळी हाजीपासून सुरू होऊन इनामगाव, कर्डे, पेर्णे, वढू व तुळापूर येथे संपणारी दोन दिवसांची क्षेत्रभेट एका बसमध्ये होऊ शकते. इनामगावच्या टेकाडावर विद्यार्थ्यांच्या हाती उत्खनन अहवालातील घरांचा आराखडा द्यावा आणि पाच खोल्यांचे घर, कोठार व कालवा कोठे होता ते त्यांना शोधू द्यावे. परतीच्या वाटेवर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात तो चार पायांचा रांजण पाहता येतो.